दुसरा पुरवठादार : विम्याचा हप्ता की उधळपट्टी?

अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीचे फायदे सांगितले, हे अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. हीच विभागणी पुढे कारखान्याच्या भिंतींबाहेर गेली. एका यंत्राचे कास्टिंग एकीकडे होते, टर्निंग दुसरीकडे आणि प्लेटिंग तिसरीकडे. आपल्या अंधेरीत मरोळ, साकीनाका या भागांतील कितीतरी गाळे अशा जॉब वर्कवरच उभे राहिले. यात मोठ्या कारखान्याचे भांडवल वाचते व भाग स्वस्त पडतो. मात्र काम बाहेर दिले म्हणून जोखीमही बाहेर जाते असे नाही. पुरवठा थांबला तर ज्याचे यंत्र अडले त्याचेच नुकसान होते. यावर देशातच दुसरा पुरवठादार जोडून ठेवावा, असा उपाय सुचविला जातो. तो कितपत व्यवहार्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जपानमधील एक घटना या बाबतीत फार बोलकी आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी कारिया येथील आयसिन सेइकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. मोटारीच्या मागच्या ब्रेकवरील दाब नियंत्रित करणारा एक लहानसा व्हॉल्व्ह तेथे तयार होत असे. टोयोटा कंपनी हा भाग जवळजवळ सर्वस्वी आयसिनकडूनच घेई. साठा अगदी थोडा ठेवण्याची तिची पद्धत असल्यामुळे काही दिवसांतच जपानमधील तिचे बहुतेक कारखाने थांबले. मग ड्रॉइंग हाती घेऊन कित्येक कंपन्या कामाला लागल्या. त्यांत शिवणयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेली ब्रदर कंपनीही होती. सुमारे आठवड्याभरात मोटारी पुन्हा तयार होऊ लागल्या. स्वस्तातला भागही सारा कारखाना अडवू शकतो, हे या घटनेवरून दिसते. तसेच कसबी हात आणि यंत्रे जवळपास होती म्हणूनच टोयोटा इतक्या लवकर सावरली, हेही दिसते.

आपल्याकडेही असे प्रसंग आले आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिपच्या तुटवड्यामुळे महिंद्र अँड महिंद्र कंपनीला आपल्या मोटार विभागाच्या कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद राहील असे जाहीर करावे लागले. चिप हा काही साकीनाक्याच्या गाळ्यात होणारा माल नव्हे. म्हणजे प्रत्येक भागाला देशी पर्याय मिळेलच असे नाही. जो भाग लेथ, मिलिंग किंवा मोल्डिंगवर होऊ शकतो, त्याच्याच बाबतीत हा उपाय संभवतो.

आता खर्चाकडे पाहू. समजा, एका कारखान्याला वर्षाला १ लाख नग लागतात. परदेशातून एक नग ८० रुपयांस पडतो आणि अंधेरीत १०० रुपयांस. पाचवा हिस्सा, म्हणजे २० हजार नग, येथे करून घेतल्यास वर्षाला ४ लाख रुपये जास्त लागतील. पुरवठा तुटून कारखाना दहा दिवस बंद राहिला आणि रोजचे नुकसान २ लाख धरले, तर २० लाखांचा फटका बसतो. पाच वर्षांत एकदा असा फटका टळला तरी हप्ता वसूल झाला. रोजचे नुकसान २० हजारच असेल, तर मात्र हा खर्च परवडणार नाही. जेथे दोन महिन्यांचा साठा ठेवून भागते, तेथेही दुसऱ्या पुरवठादाराची गरज नाही.

खरी अडचण पुढेच आहे. दुसऱ्या पुरवठादाराचे नाव केवळ यादीत राहिले तर त्याचा उपयोग नाही. एकदा नमुना पास करून घ्यायचा आणि मग वर्षानुवर्षे ऑर्डर द्यायची नाही, असे चालत नाही. गाळेवाल्याला भाडे, वीज, कारागिरांचा पगार दरमहा द्यावा लागतो; दुसऱ्याच्या संकटाची वाट पाहत तो यंत्र रिकामे ठेवू शकत नाही. मग नेमक्या वेळी त्याचा टर्नर दुसरीकडे गेलेला असतो आणि पहिला लॉट रिजेक्ट होतो. म्हणून त्याला दरमहा थोडे तरी काम मिळाले पाहिजे. ड्रॉइंगमध्ये बदल झाला तर तो दोघांनाही एकाच वेळी कळला पाहिजे, आणि निकडीला जादा पाळी लावण्याचे आधीच ठरलेले असले पाहिजे. पैसेही वेळेवर हवेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे बिल माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत चुकते करावे लागते. ते न झाल्यास मोठ्याच्या जोखमीचे व्याज लहान गाळेवाला भरतो.

दोन्ही पुरवठादार शेजारी शेजारी असूनही भागत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्या पट्ट्यातील दोन गाळ्यांवर विसंबणाऱ्याचे दोन्ही आधार एकाच दिवशी गेले असते. दोघेही एकाच ठिकाणाहून कच्चा माल घेत असतील तरी तोच धोका राहतो.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आज अनेक कारखान्यांच्या जागी कार्यालयांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. जागेच्या किमती पाहता त्यात नवल नाही. परंतु गाळा बंद झाला की लेथ भंगारात जाते आणि हाताला बसलेले माप कारागिराबरोबर निघून जाते; ऑर्डरच्या एका कागदाने ते परत येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. आधी खणलेल्या विहिरीचाही उपसा चालू ठेवावा लागतो, नाहीतर ती गाळाने भरते. दुसऱ्या पुरवठादाराला नेहमीच्या कामातला थोडा वाटा देणे, हाच तो उपसा होय.