सर्पविषयक गैरसमज आणि सर्पदंशाचे अर्थकारण

भारतात सर्पदंशाने दरवर्षी किती माणसे मृत्युमुखी पडतात, या साध्या प्रश्नाची दोन परस्परभिन्न उत्तरे उपलब्ध आहेत. आरोग्य यंत्रणेच्या नोंदींनुसार २०१६ ते २०२० या काळात हा आकडा वर्षाला सरासरी सुमारे २,००० होता. दुसरीकडे, भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीवर आधारलेल्या 'मिलियन डेथ स्टडी'तून २०२० मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० व्यक्ती सर्पदंशाने दगावल्या. पहिली संख्या आरोग्यसंस्थांकडून वर कळवल्या गेलेल्या मृत्यूंची आहे. दुसरी घरोघरी जाऊन, मृताच्या कुटुंबीयांना मृत्यूचे कारण विचारून काढलेली आहे. या दोहोंमधील तफावतीचे एक प्रमुख कारण म्हणजे बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागात, घरीच आणि रुग्णालयापासून दूर होतात.

ही माणसे रुग्णालयापर्यंत का पोहोचत नाहीत? अंतर, वाहनाचा अभाव आणि खर्च ही कारणे आहेतच. परंतु सापाविषयीच्या समजुती हेही एक कारण आहे आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते गौण मानू नये. अपुऱ्या माहितीवर घेतलेल्या निर्णयाची किंमत येथे थेट प्राणांनी मोजली जाते.

काही प्रचलित समजुती

भारतात सापांच्या सुमारे ३०० जाती आढळतात. त्यांपैकी ६० च्या आसपास विषारी आहेत. मनुष्यहानीच्या दृष्टीने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जाती महत्त्वाच्या मानल्या जातात. विषारी सापाचे डोके त्रिकोणी असते, हा सर्वत्र ऐकू येणारा नियम घोणस व फुरसे यांना लागू पडतो. नाग आणि मण्यार यांना मात्र तो लागू पडत नाही. उलट, निरुपद्रवी कवड्या साप दिसायला मण्यारीसारखा असल्याने नाहक मारला जातो.

साप दूध पीत नाही. नागपंचमीच्या सुमारास पाण्यावाचून तहानलेला ठेवलेला साप समोर येईल तो द्रव तोंडात घेतो, एवढेच. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही समजूत तर शरीररचनेच्या दृष्टीनेच अशक्य आहे. सापाला चोखण्यासाठी ओठ नसतात आणि त्याचे दात आत वळलेले असतात. धामण ही नागाची मादी असल्याचेही सांगितले जाते. प्रत्यक्षात हे दोन साप वेगवेगळ्या कुळांतील आहेत. एकमेकांना वेटोळे घालून उभे राहिलेले धामणीचे जे 'जोडपे' लोक हात जोडून पाहतात, ते बहुधा दोन झुंजणारे नर असतात.

पुंगीच्या सुरावर नाग डोलतो हे खरे नाही. तो पुंगीच्या हालचालीकडे पाहून सावधपणे डोलतो. मात्र यावरून साप ठार बहिरा असतो, असे जे विधान अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते, तेही दुरुस्त करून घेतले पाहिजे. सापाला बाह्यकर्ण नसतो, पण आतील कान असतो. जमिनीतील कंपने त्याला जबड्याच्या हाडांमार्फत जाणवतात आणि कमी वारंवारितेचा, हवेतून येणारा ध्वनीही तो ओळखतो. तसेच सर्वच साप अंडी घालत नाहीत. घोणस पिलांना जन्म देते. घरटे बांधून अंडी घालणारा नागराज हा एकमेव साप होय. २०२४ मध्ये या नागराजाची चार स्वतंत्र जातींत विभागणी करण्यात आली असून पश्चिम घाटातील जातीला 'ऑफिओफॅगस कालिंगा' हे नाव मिळाले आहे.

नागमणी, दोन तोंडांचे मांडूळ, डूख धरणारा नाग यांविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. मांडुळाची बोथट शेपटी डोक्यासारखी दिसते इतकेच; परंतु गुप्तधनाच्या लोभाने त्याची चोरटी विक्री चालते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तो गुन्हा आहे.

मांत्रिकाचे यश

वरील समजुतींनी बव्हंशी सापांचेच नुकसान होते. मांत्रिकाच्या उताऱ्याने साप चढलेला माणूस बरा होतो, ही समजूत मात्र माणसांचा बळी घेते, आणि ती टिकून राहण्यामागे एक सांख्यिकीय कारण आहे. समजा, शंभर सर्पदंशित व्यक्ती एका मांत्रिकाकडे आल्या. त्यांपैकी ७० जणांना बिनविषारी साप चावला. उरलेल्या ३० पैकी १० जणांच्या बाबतीत विषारी सापाने दंश केला, पण विष सोडलेच नाही. असा 'कोरडा दंश' वैद्यकशास्त्राला सुपरिचित आहे. म्हणजे मांत्रिकाने काहीही न करता ८० जण बरे होणार. गावाच्या दृष्टीने हा ८० टक्के यश देणारा उपचार ठरतो. (आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, तर्क मात्र खरा आहे.) तुलनेसाठी उपचाराविना राहिलेला गट नसेल, तर यशाचे प्रमाण काहीच सिद्ध करत नाही, हे तत्त्व शासकीय योजनांच्या मूल्यमापनातही लागू पडते.

उरलेल्या वीस जणांसाठी वेळ हीच निर्णायक बाब असते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही, आणि पहाटे पोटदुखी सुरू झाल्यावरही सापाची शंका येत नाही. खाटेवर, नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणे हा त्यावरील स्वस्त उपाय आहे. घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दंशाच्या जागी कापणे, रक्त चोखणे, दोरी करकचून आवळणे हे सर्व अपायकारक आहे. तो अवयव न हलवता रुग्णाला त्वरित रुग्णालयात नेणे हाच योग्य प्रथमोपचार होय.

घोड्यांना अल्प प्रमाणात विष टोचून, त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून प्रतिविष बनवतात. त्याची मात्रा वजनावर ठरत नाही. बालकालाही प्रौढाइतकीच मात्रा लागते. त्यासाठी लागणारे बरेचसे विष चेन्नईजवळील इरुला सर्पपकड्यांची सहकारी संस्था पुरवते. पूर्वी कातड्यासाठी साप पकडणाऱ्या या आदिवासी समाजाने १९७८ मध्ये ही संस्था स्थापन केली. येथे साप मारला जात नाही. विष काढून त्याला सोडून दिले जाते. पण एका प्रदेशातील सापाचे विष दुसऱ्या प्रदेशातील त्याच जातीच्या विषापेक्षा वेगळे असू शकते, त्यामुळे एकच प्रतिविष देशभर सारखे गुणकारी ठरत नाही. प्रादेशिक प्रतिविषाची मागणी त्यातूनच पुढे आली आहे.

नोंद आणि धोरण

जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पेरणी-लावणीच्या दिवसांत होतात आणि मृतांमध्ये ३० ते ६९ वयोगटाचा वाटा जवळजवळ निम्मा आहे. म्हणजे कुटुंब कमावता माणूस गमावते, तेही हंगामात. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेत वार्षिक २० रुपये हप्त्यावर २ लाख रुपयांचे अपघाती संरक्षण मिळते. परंतु सर्पदंशाच्या दाव्यासाठी तत्काळ केलेली रुग्णालयीन नोंद लागते. मांत्रिकाच्या दारात मृत्यू आला, तर कुटुंबाचा हा आधारही धोक्यात येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. भारताने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला; २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सर्पदंश 'अधिसूचित' करण्यास, म्हणजेच त्याची नोंद कळवणे बंधनकारक करण्यास सांगितले. कर्नाटकाने तत्पूर्वी त्याच वर्षी हे पाऊल उचलले होते. जेथे ही नोंद काटेकोर होऊ लागेल, तेथे पहिली काही वर्षे सर्पदंशाच्या नोंदलेल्या मृत्यूंचा आकडा वाढलेला दिसण्याची शक्यता आहे. ती वाढ मृत्यूंची नसून नोंदींची असेल, आणि राज्याराज्यांतील आकड्यांची तुलना करताना हा भेद आधी तपासावा लागेल.