सागरी जीवशास्त्राचे शिक्षण व व्यवसाय

दहावीचा निकाल लागला म्हणजे किनाऱ्यावरील गावांतून मुलांच्या पुढील शिक्षणाविषयी विचारणा सुरू होते. एखादा मुलगा वा मुलगी समुद्रातील जीवांचा अभ्यास करावयाचा म्हणते, तेव्हा घरची माणसे बुचकळ्यात पडतात. समुद्र तर आपण रोजच पाहतो. त्यात पदवी घेण्यासारखे काय आहे? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कार्यकर्त्याने टोपलीतील मासळी दाखवूनच द्यावे.

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली मासळीच्या ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडू नये, असा हा नियम आहे. ही लांबी कोणी ठरविली? मासा किती लांबीचा झाल्यावर प्रथम अंडी घालतो, हे कळल्याखेरीज असा नियम करता येत नाही. त्याकरिता वर्षभर दर महिन्यास बंदरावरून मासे आणावे लागतात. प्रत्येकाची लांबी व वजन घेऊन पोट चिरून गाभोळी कितपत पिकली आहे ते पाहावे लागते, व जठरातील अन्नही तपासावे लागते. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो. त्यावर झाडाच्या खोडाप्रमाणे वलये असतात व त्यांवरून वय काढतात. मात्र आपल्या उष्ण समुद्रातील माशांत ती बहुधा पुसट असल्याने काम जिकिरीचे होते. सागरी जीवशास्त्र म्हणजे प्रवाळांमध्ये बुड्या मारणे, अशी चित्रपट पाहून झालेली समजूत येथेच दूर करावी. पुष्कळसे काम ओल्या धक्क्यावर, मासळीच्या वासात व हाती मोजपट्टी घेऊनच होते.

या कामात कोळ्याच्या मुलास एक गोष्ट आयती मिळते. डोलीत काय सापडते, रापणीत काय येते, वारा फिरला की बांगडा कोठे जातो, हे त्याने घरीच ऐकलेले असते. शहरातील विद्यार्थ्यास ते शिकावयास बराच काळ लागतो. तथापि समुद्रापासून दूर जन्मलेल्यानेही खचू नये. अलाहाबादेत जन्मलेले डॉ. सय्यद जहूर कासिम पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले, आणि १९८१ साली निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्व त्यांनीच केले.

शिक्षणाचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. अकरावीस विज्ञान शाखा घेऊन जीवशास्त्र हा विषय कायम ठेवावा. तो सोडल्यास पुढे फार अडचण येते, म्हणून सल्ला दहावीनंतर लगेच द्यावा. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन मत्स्यविज्ञानाच्या चार वर्षांच्या पदवीस जाता येते. कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून आहे. उदगीर व नागपूर येथेही अशी महाविद्यालये आहेत. पुढील शिक्षणासाठी मुंबईस वर्सोवा येथे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. ज्यास शुद्ध संशोधनाची ओढ आहे त्याने प्राणिशास्त्रात पदवी घेऊन नंतर सागरी विज्ञानाकडे वळावे. गोवा विद्यापीठात त्याची सोय आहे.

नोकरीविषयी मात्र पालकांस भुलवू नये. शास्त्रज्ञाच्या जागा थोड्या असतात व तेथवर पोहोचण्यास बारावीनंतर नऊ-दहा वर्षे सहज जातात. ज्या घरास इतके दिवस थांबणे परवडत नाही, त्यांच्या मुलास मत्स्यविज्ञानाची पदवी अधिक सोयीची, कारण तिच्या बळावर मत्स्यव्यवसाय खाते, कोळंबीची बीज केंद्रे, मासळी प्रक्रियेचे कारखाने यांत प्रयत्न करता येतो. मुलींनी हे काम करू नये असे म्हणणाऱ्यांस, मासळीबाजार कोण चालविते, एवढेच विचारावे.

आवड खरी आहे की नाही, हे आधी पाहता येते. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी उठली की विद्यार्थ्याने दर आठवड्यास एकदा धक्क्यावर जावे. एकाच जातीचे, समजा बांगड्याचे, पंचवीस मासे न निवडता, हाताला येतील तसे घ्यावेत. मोठे तेवढे उचलू नयेत, नाहीतर सरासरी खोटी येते. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजून लांबी वहीत लिहावी. शेजारी तारीख व जाळ्याचा प्रकार मांडावा, आणि घरी मासा साफ करताना गाभोळी आहे की नाही, तेही नोंदवावे.