शब्दाची व्याख्या आणि गावाची जमीन

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव तेथील तलावासाठी आणि नागझिरा अभयारण्याच्या प्रवेशद्वारासाठी परिचित आहे. या बाजूच्या गावांत वनाची सीमा केवळ नकाशावर राहत नाही. गुरे कोठे चरावीत, सरपण कोठून आणावे, शाळेची नवी खोली कोठे बांधावी, हे सारे प्रश्न तिच्याशी निगडित असतात. आणि ती सीमा पुष्कळदा झाडांनी नव्हे, तर शब्दांनी आखलेली असते.

पूर्व विदर्भाच्या महसुली अभिलेखांत ‘झुडपी जंगल’ अशी एक नोंद आढळते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशा जमिनी आहेत. खुरट्या झुडपांची, लागवडीस न आलेली, चराईची हलकी जमीन, असा तिचा रूढ अर्थ. गावकऱ्यांच्या लेखी सारा भार ‘झुडपी’ या शब्दावर होता. ‘जंगल’ हे मागे लागलेले शेपूट होते. पुढे वाद झाला तो या शेपटावरून.

१९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने केंद्र शासनाच्या पूर्वमान्यतेवाचून वनजमीन वनेतर कामाकडे वळविण्यास प्रतिबंध केला. परंतु ‘वन’ म्हणजे काय, हे त्या अधिनियमात सांगितलेले नव्हते. यामुळे एकच कलम वाचणारे दोन अधिकारी दोन निरनिराळ्या जमिनींविषयी बोलत राहिले. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव भरून काढली. ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ घ्यावा. शिवाय शासकीय अभिलेखात वन म्हणून नोंदलेली जमीन, मालकी कोणाचीही असो, वनातच धरावी, असा तो आदेश होता. म्हणजे कसोट्या दोन झाल्या : डोळ्यांनी पाहण्याची आणि दप्तर उघडण्याची. झुडपी जमिनीवर डोळ्यांना काटेरी झुडपे दिसत, क्वचित घरे आणि शाळाही दिसत. दप्तरात मात्र ‘जंगल’ हा शब्द होता.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या आदेशानुसार झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्णय दिला. तथापि सक्षम प्राधिकाऱ्याने १२ डिसेंबर १९९६ पर्यंत वाटप केलेल्या जमिनी वनाच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा, आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाची अट घालू नये, अशी सवलतही दिली. एकाच रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या दोन घरांचे भवितव्य आता वाटपाच्या आदेशावरील तारखेने वेगळे होऊ शकते. हा आदेश ज्याच्या पेटीत जपून ठेवलेला नाही, त्याची अडचण सहज ध्यानात येईल.

व्याख्या नेहमी वाट अडवतेच असे नाही. २००६ च्या वनहक्क अधिनियमातील ‘वनजमीन’ या संज्ञेत अवर्गीकृत, असीमांकित व मानीव वने, तसेच अभयारण्येही येतात. तेव्हा जो शब्द एका कायद्याखाली बांधकाम थांबवतो, तोच दुसऱ्या कायद्याखाली दाव्याचा आधार होऊ शकतो.

याच अधिनियमातील ‘पिढी’ हा शब्द अधिक विचार करण्याजोगा आहे. बोलण्यात पिढी म्हणजे बाप आणि लेक यांमधले अंतर; कायद्यात ती नेमकी २५ वर्षांची. बिगर-आदिवासी पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे १९३० पासूनचे वास्तव्य दाखवावे लागते. ‘आजोबांपासून इथेच आहोत’ हे उत्तर खरे असूनही त्यामुळे अपुरे पडते. मात्र ७५ वर्षांची अट आहे ती वास्तव्याला व वनावरील अवलंबनाला. त्या विशिष्ट तुकड्यावरील कब्जाला नव्हे. या दोहोंची गल्लत झाली, तर दावा करणाऱ्याकडे नको तो पुरावा मागितला जातो. लेखी कागद नसल्यास गावातील अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदन नियमांनी पुरावा म्हणून स्वीकारले आहे.

पंचायत सदस्यांनी कलम ३ (२) मूळ शब्दांत वाचावे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याचे पाणी अशा शासकीय सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी न लागल्यास, ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. येथे ‘ग्रामसभा’ म्हणजे गावातील सर्व प्रौढ व्यक्तींची सभा. ग्रामपंचायतीच्या मासिक बैठकीतील ठराव त्या जागी चालत नाही.