अथेन्समधला एक पायी दिवस


संत पौलाच्या वाटेने जाणारे यात्रेकरू अथेन्सला बहुधा एकच दिवस देतात. तो वाटाड्याबरोबर पायी काढावा, असे आम्ही सुचवू. सकाळीच अक्रॉपोलिस चढावा. पार्थेनॉनचे बांधकाम इ. स. पूर्व ४४७ मध्ये सुरू झाले. अथीना देवीचे हे मंदिर पुढे कित्येक शतके पवित्र मरियेचे चर्च होते, नंतर मशीद झाले. १६८७ साली व्हेनिसच्या तोफगोळ्याने आतला तुर्कांचा दारूगोळा पेटला आणि मधला भाग उडाला. गोळा डागणारे ख्रिस्ती होते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

उतरताना अरियपगाचा खडक लागतो. पायथ्याशी पौलाचे भाषण ग्रीक भाषेत कोरलेला फलक आहे. लोक फोटोपुरते थांबतात; आम्ही म्हणू, बसा आणि प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ वाचा. मूर्तींनी भरलेले नगर पाहून पौलाचा जीव तळमळला होता, तरी त्याने सुरुवात केली ती त्यांच्याच एका वेदीपासून, अज्ञात देवाच्या. आधार घेतला त्यांच्याच कवींचा. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याविषयी बोलताना आपण कोठून सुरुवात करतो?

दुपारी खालच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारात जावे. येथे पौल रोज भेटेल त्याच्याशी बोलत असे. त्याच्या साडेचारशे वर्षे आधी सॉक्रेटिसही येथेच प्रश्न विचारत फिरे, इ. स. पूर्व ३९९ मध्ये नगराने त्याला विष पाजले. पौलाची, पुनरुत्थानाचे नाव काढताच, थट्टा झाली. विश्वास ठेवणाऱ्यांपैकी दोनच नावे नोंदली आहेत: दिओनुस्य आणि दामारी.

परतताना पौलाच्या नावाचा रस्ता धरावा. तो पुढे दिओनुस्याच्या नावाच्या रस्त्याला मिळतो.