सहा डिसेंबर

छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. तेथील पाणचक्की ओलांडून लेण्यांच्या डोंगराकडे जाऊ लागले म्हणजे नागसेनवनाचा परिसर लागतो. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच मुक्त झालेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय तुटपुंजी होती. अशा काळी, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात महाविद्यालय काढले. पुढे त्यास 'मिलिंद महाविद्यालय' हे नाव मिळाले. ग्रीक राजा मिलिंद शंका विचारतो व भिक्षू नागसेन त्यांचे निरसन करतो, अशी प्राचीन कथा आहे. विद्यालयाला शंका विचारणाऱ्याचे नाव द्यावे, यातच संस्थापकाची दृष्टी दिसून येते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत निधन झाले. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा अवघे ५३ दिवस लोटले होते. ज्याने नवी वाट दाखविली, तोच वाटाड्या निघून गेला! दुःख तर अपार. पण ते व्यक्त कसे करावे? दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा होती. जुने विधी सुटले होते आणि नवे अद्याप अंगवळणी पडले नव्हते. पिता गेल्यावर पोरक्या झालेल्या समाजाने कोणता आचार पाळावा, हा प्रश्न लहान नव्हता.

त्याचे उत्तर ७ डिसेंबरला मुंबईत मिळाले. दादरच्या समुद्रकिनारी बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. लक्षावधी लोक लोटले होते आणि त्या शोकातच असंख्यांनी दीक्षा घेतली. मृत्यूच्या दारी घेतलेली ती दीक्षा म्हणजेच त्यांची श्रद्धांजली होती.

पुढे या शोकाला रीत लाभली. शुभ्र वस्त्रे, मेणबत्तीची ज्योत, त्रिशरण-पंचशील, बस्स, एवढेच. खर्च नाही, पुरोहित नाही. गरिबातल्या गरिबालाही ते साधते. गावोगावच्या गायकांनी बाबासाहेबांची गाणी रचली; बायकांनी जात्यावर ओव्या गाइल्या.

आजही सहा डिसेंबरला शहरातील भडकल गेटजवळच्या पुतळ्यापाशी सकाळपासून माणसांची रीघ लागते. ज्यांना शक्य असते ते मुंबईची वाट धरतात. मराठवाड्यातून जादा गाड्या सोडल्या जातात, तरी त्या अपुऱ्याच पडतात. चैत्यभूमीवर लोक रांगेत तासन्‌तास उभे राहतात. तेथून जवळच शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने मांडलेली असतात. शोकदिनी ग्रंथांचा एवढा खप क्वचितच कोठे होत असेल. अलीकडे काही तरुण फुलांऐवजी वही आणि पेन आणण्याचे आवाहन करतात; त्या वह्या गरजू मुलांना दिल्या जातात.

परतीच्या गाडीत दाटी असते. एखादी म्हातारी खिडकीशी बसलेली असते. तिला स्वतःला अक्षरओळख नसते; पण नातवासाठी घेतलेले पुस्तक तिने पदराखाली जपून धरलेले असते.