जाम झालेला जुना रेझर

प्रश्न : जुना जिलेट सुपर स्पीड रेझर घेतला, पण कळ फिरत नाही. पकडीने फिरवू का?

उत्तर : मुळीच नको. १९४७ मध्ये आलेल्या या रेझरची तळाची कळ फिरवली की आतला दांडा सरकून वरची दारे उघडतात. कळ अडली की रेझर गंजला असे वाटते. पण अंग पितळेचे, त्यावर लोखंडासारखा गंज चढत नाही. अडवतो तो बहुधा वाळलेला साबण आणि पाण्यातला क्षार. म्हणून जोर न लावता वेळ द्या : कोमट साबणपाण्यात रात्रभर भिजवा, वाळवून सांध्यांत शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा, मग कळ हातानेच हलके मागेपुढे करा. आत जुने पाते असू शकते, दारांत बोट घालू नका. व्हिनेगर क्षार लवकर काढते, हे खरे. पण आम्लाने निकेलचा मुलामा बिघडू शकतो, आणि संग्राहकाला मोल असते ते त्याच मूळ मुलाम्याचे. कळ नाहीच सुटली तर पुन्हा भिजवा.