संघ गेला म्हणजे काय गेले?
(बालेवाडीच्या फुटबॉल क्लबांचा एक अभ्यास)

आमच्या कासारवाडीला फुटबॉलची परंपरा आहे असे म्हणता येणार नाही. लोहमार्ग आणि मुंबई-पुणे रस्ता यांच्या आजूबाजूला दाटीने वसलेल्या या वस्तीत मोकळी जागा थोडी, आणि जी आहे तिच्यावर क्रिकेटचा हक्क जुना. अशा ठिकाणी वाढलेल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने फुटबॉल क्लबावर अभ्यासलेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. म्हणून त्याचे कारण आधी सांगतो.

७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात एफ. सी. पुणे सिटी आणि बंगळुरू एफ. सी. यांच्यात इंडियन सुपर लीगचा उपान्त्य सामना होता. मी तेव्हा सातवीत होतो. परीक्षा तोंडावर आली होती, त्यामुळे आईचा सक्त विरोध. बाबांची पहिली पाळी होती. ते घरी आले, हातपाय धुतले, आणि आईशी फारसे न बोलता मला दुचाकीवर मागे बसवून नाशिक फाटा, पिंपळे सौदागर, वाकड असे करीत बालेवाडीला घेऊन गेले. सामना ०-० असा बरोबरीत सुटला. एकही गोल न पाहता परतलो, तरी माझा घसा पुरता बसला होता. चार दिवसांनी बंगळुरूस परतीचा सामना झाला. सुनील छेत्रीने तीन गोल केले. पुण्याच्या जोनाथन लुक्काने फ्री किकवर एका गोलाची परतफेड केली, पण ३-१ असा पराभव पदरी आला. पुढच्या वर्षी नक्की, असे आम्ही म्हणालो.

पुढच्या वर्षीचा हंगाम झाला आणि क्लबच उरला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की पुण्याचा संघ बंद होत असून लीगमधील त्याच्या जागी हैदराबाद एफ. सी. हा नवा क्लब खेळणार. बाबांनी चहा पिता पिता ती बातमी वाचली आणि मला विचारले, "संघ गेला म्हणजे नक्की काय गेलं रे?" मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा, जरा उशिरानेच केलेला, प्रयत्न आहे.

अभ्यासास सुरुवात केल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की गेलेला क्लब एक नव्हता. बालेवाडीच्या मैदानाने चार-पाच वर्षांत चार क्लब गमावले. त्यांतील ज्येष्ठ म्हणजे पुणे फुटबॉल क्लब. अशोक पिरामल उद्योगसमूहाने २००७ साली तो स्थापन केला. खालच्या विभागातून खेळत तो २००९-१० च्या हंगामात आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातील सर्वोच्च स्पर्धेत, पोहोचला आणि पहिल्याच वर्षी तिसरा आला. २०१२-१३ मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल त्याने दुसरे स्थान मिळविले. डेरिक परेरा यांच्यासारखा गोव्यात मुरलेला प्रशिक्षक, जपानमध्ये जन्मून पुढे भारतीय नागरिकत्व घेतलेला अराता इझुमी, आणि कुमार खेळाडूंसाठी स्वतःची अकादमी, असा या क्लबाचा संसार नीट लावलेला होता. माझ्या मते पुण्यात क्लब या नावास खऱ्या अर्थाने पात्र असलेला हाच एक. तरीही २०१५ साली मालकांनी तो बंद करण्याचा निर्णय घेतला. मैदानावर तो हरला म्हणून नव्हे. त्याच्या पायाखालची स्पर्धाच बदलली होती.

हा बदल समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातून २०१४ च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग उभी राहिली. तिच्यातील जागा गुणतक्त्यातून वर चढून मिळत नव्हती. शहरांसाठी बोली लागली आणि ज्याने बोली जिंकली त्याला संघ मिळाला. दूरचित्रवाणी, चित्रतारे, जाहिराती हे सारे नव्या लीगकडे वळले. आय-लीग चालू राहिली, पण थोरली सून घरात असताना धाकटीचे कौतुक व्हावे तशी तिची अवस्था झाली. ज्या क्लबांनी वर्षानुवर्षे खर्च केला होता त्यांना, आपण नेमके कशासाठी खर्च करतो आहोत, हा प्रश्न पडू लागला. २०१६ मध्ये गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतले, यावरून दुखणे एकट्या पुण्याचे नव्हते हे दिसून येईल.

पण पुण्याची तऱ्हा काही निराळीच. २०१५ च्या पूर्वार्धात बालेवाडी हे एकाच वेळी तीन क्लबांचे घर होते: आय-लीगमध्ये पुणे एफ. सी. आणि कल्याणी उद्योगसमूहाचा भारत एफ. सी., आणि सुपर लीगमध्ये एफ. सी. पुणे सिटी. यांपैकी भारत एफ. सी.चे चरित्र एका परिच्छेदाचेही नाही. उद्योगसमूहांसाठी ठेवलेल्या थेट प्रवेशाच्या दाराने तो आला, एक हंगाम खेळला, तळाला राहिला. नव्याने थेट आलेल्या क्लबास पदावनती नाही या नियमामुळे तो वाचला आणि त्याच्यावरचा, पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळविणारा धेंपो क्लब खाली ढकलला गेला. वाचलेला भारत एफ. सी. पुढच्या हंगामास उभाच राहिला नाही! नियम करणाऱ्यांनी या घटनेकडे पुन्हा कधी पाहिले असेल काय, अशी शंका येते.

त्याच दाराने पुढे डी. एस. के. शिवाजीयन्स आला. त्याची अकादमी इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबाशी जोडलेली होती. २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन हंगाम तो आय-लीगमध्ये खेळला. मग बांधकाम व्यवसायातील मालक ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात अडचणीत आले आणि संघ स्पर्धेबाहेर पडला.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे एफ. सी. पुणे सिटीकडे वळू. बोलीच्या वेळी वाधवान समूहाबरोबर सलमान खान यांचे नाव होते. प्रत्यक्ष संघ उतरला तेव्हा सहमालक म्हणून हृतिक रोशन दिसू लागले. इटलीचा फिओरेन्टिना क्लब भागीदार होता. पहिल्या वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे आणला, दुसऱ्या वर्षी रुमानियाचा एड्रियन मुतू, तिसऱ्या वर्षी आइसलंडचा गुड्जॉन्सन. तो हंगामापूर्वीच दुखापतीने बाद झाला आणि त्याच्या जागी मोहम्मद सिसोको आला. नावे मोठी होती, पण खेळाडूंच्या कारकिर्दीची ती संध्याकाळ होती. निकाल पाहा: २०१४ मध्ये सहावा क्रमांक, २०१५ मध्ये सातवा, २०१६ मध्ये पुन्हा सहावा. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी शेजारच्या मुंबई सिटीने ५-० असे हरविले, ते तर इथल्या प्रेक्षकांच्या फार दिवस जिव्हारी लागले.

प्रशिक्षकांच्या खुर्चीची कथा याहून चमत्कारिक आहे. पहिल्या वर्षी फ्रँको कोलोम्बा, दुसऱ्या वर्षी इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट, तिसऱ्या वर्षी अँटोनिओ हबास. हबास आधीच्या क्लबातील शिक्षा घेऊन आले होते, त्यामुळे सुरुवातीच्या सामन्यांत त्यांना मैदानालगत बसता आले नाही. चौथ्या हंगामाच्या तोंडावर ते गेले आणि रान्को पोपोविच आले. हेच वर्ष क्लबास लाभले. मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो यांची जोडी जमली, १८ सामन्यांत ३० गुण झाले आणि संघ चौथा येऊन उपान्त्य फेरीत गेला. परंतु पंचांवर तोंड टाकल्याने पोपोविच यांच्यावरही निलंबनाची कारवाई झालीच. पाचव्या हंगामात मिगेल अँजेल पोर्तुगाल यांना अवघ्या तीन सामन्यांनंतर निरोप मिळाला, प्रद्युम्न रेड्डी यांनी तात्पुरता भार वाहिला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये फिल ब्राऊन आले. पाच हंगाम, सात माणसे. आमच्या महाविद्यालयात एका विषयाला वर्षात दोन शिक्षक बदलले तरी विद्यार्थी तक्रार करतात. मग खेळाडूंनी काय शिकावे?

या गोंधळातही एक चांगले काम झाले, त्याची नोंद केलीच पाहिजे. बंद पडलेल्या पुणे एफ. सी.ची अकादमी २०१६ मध्ये या क्लबाने आपल्याकडे घेतली. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातून त्या अकादमीत आलेला आशिक कुरुनियन पुढे पुणे सिटीकडून खेळला आणि २०१९ च्या जानेवारीत आशिया चषकात भारताकडून उतरला. त्रेझेगेला बालेवाडीत पाहिल्याचे मोठी मुले सांगत, पण मला कौतुक वाटते ते आशिकचे, कारण तो इथल्या गवतावर वाढला.

मैदानाबाहेरचा घाव २०१९ मध्ये बसला. वाधवान कुटुंबाची दिवाण हाउसिंग फायनान्स ही गृहकर्ज देणारी कंपनी त्या वर्षी देणी चुकवू लागली. नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळच दूर केले. त्याआधीच क्लबात पगार थकल्याच्या बातम्या येत होत्या. उन्हाळ्यात खेळाडू पांगू लागले आणि ऑगस्टमध्ये लीगमधील जागा हैदराबादला गेली. मार्सेलिन्हो तिकडे गेला, प्रशिक्षक फिल ब्राऊनही गेले.

येथे एक आक्षेप येईल, तो मी स्वतःच घेतो. बंगळुरू एफ. सी. हाही उद्योगसमूहाचाच क्लब. जिंदाल यांच्या जेएसडब्ल्यूने तो २०१३ मध्ये थेट प्रवेशाने आणला, आणि तो पहिल्याच वर्षी आय-लीग जिंकला. मग उद्योगसमूह असणे हा दोष कसा? मला वाटते, दोष असण्यात नाही, दुसरे काहीच नसण्यात आहे. मालकाचा मूळ धंदा निरोगी आणि त्याचे मन क्लबात, तोवर सारे ठीक. धंदा आजारी पडला किंवा मन उडाले, की क्लबास धरून ठेवणारा दुसरा हात नाही. पुण्यातील चार क्लबांची कारणे वेगवेगळी आहेत, परंतु चारही वेळा निर्णय एका दालनात झाला आणि प्रेक्षकांना तो वर्तमानपत्रातून कळला.

आता बाबांच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. मैदान गेले नाही. ते सरकारचे, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले, जागच्या जागी आहे. प्रेक्षक गेले नाहीत. नाव तर हैदराबादला नकोच होते. गेली ती फक्त लीगमध्ये खेळण्याची जागा, म्हणजे एक कागद. परंतु बाकीच्या सर्व गोष्टींना त्या कागदावाचून किंमत नव्हती.

बाबांनी तो प्रश्न का विचारला, हे मला फार नंतर उमगले. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ते एका लहान कारखान्यात लेथवर काम करीत. २०१९ च्या उन्हाळ्यात वाहन उद्योगात मंदी आली. सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांचे काम आटले. मालकाने यंत्रे चाकणच्या दुसऱ्या कारखानदाराला विकली. अकरा वर्षे ज्या लेथवर हात बसला होता तो ट्रकमध्ये चढताना बाबांनी पाहिला. चढवायला हातही लावला. लेथ गेला, ते कासारवाडीत राहिले. त्यानंतर साडेपाच महिने त्यांना काम नव्हते. फुटबॉलची बातमी त्यांनी वाचली ती त्याच दिवसांत. क्लबाच्या बाबतीतही नामवंत खेळाडूंना दुसरीकडे जागा मिळाली. गवत राखणारा, कपडे धुणारा, मुलांना गाडीने ने-आण करणारा, यांची नावे कोणत्याच बातमीत नव्हती, आणि मीही ती शोधू शकलो नाही.

क्लब जाऊ नये अशी दुसरी रीत आहे का? दूर जाण्याची गरज नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्याला जी गर्दी होते, ती पैसे देऊन जमवावी लागत नाही. भांडणे तेथेही आहेत. हाणामारीने खेळ थांबल्याचे प्रसंग कोल्हापूरकरांस नवे नाहीत. पण शिवाजी पेठेचा संघ कोणी हैदराबादला नेऊ शकत नाही. अर्थात तालमीच्या वर्गणीवर सुपर लीगचा खर्च झेपणार नाही, हेही तितकेच खरे. लंडनमधील विम्बल्डनचा क्लब २००३ मध्ये मालकांनी मिल्टन कीन्सला हलविला. हलविण्यास परवानगी मिळताच, २००२ मध्येच, प्रेक्षकांनी स्वतःचा नवा क्लब काढला, अगदी खालच्या पायरीपासून खेळविला, आणि २०२० साली ते आपल्या जुन्या प्लाव लेन वस्तीत परतले. त्यांना वर चढण्यासाठी शिडी होती. सुपर लीग सुरू झाली तेव्हा तिला शिडीच नव्हती. पुण्याच्या प्रेक्षकांनी असा क्लब काढलाही असता, तरी तो चढला कोठून असता?

हैदराबाद एफ. सी. पहिल्या वर्षी शेवटचा आला आणि २०२१-२२ मध्ये विजेता झाला. २० मार्च २०२२ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टीमनीने पेनल्टी अडवून तो चषक मिळवून दिला. पुण्याकडून खेळलेले आशिष राय आणि निखिल पुजारी त्या संघात होते. आम्ही दोघांनी तो सामना घरी पाहिला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कळेना. पुढे हैदराबादचाही पैसा आटला, मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाली. चाकणच्या कामावरून परतलेल्या बाबांना मी हे सांगितले. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि हैदराबादला यांचं मैदान कुठं होतं, एवढेच विचारले.